परतीचा पत्ता : सी प्लस प्लसमधल्या रिटर्न टाइपची चिकित्सा

कादंबरीची समीक्षा होते, नाटकाची होते, पण फंक्शनच्या रिटर्न टाइपची समीक्षा ही काय भानगड, असा प्रश्न आजचा विषय वाचून तुमच्यापैकी काहींना पडला असेल. आमचं उत्तर सोपं आहे. प्रोग्रामिंगची भाषा माणसांनीच घडवलेली असते. तिच्यात काय बोलता येतं आणि काय बोलता येत नाही, हे कुणीतरी, कधीतरी, काही कारणाने ठरवलेलं असतं. तेव्हा तिच्यातल्या एखाद्या वाक्याची चिकित्सा करायला हरकत नसावी. आज आपण सी प्लस प्लसमधली एकच जागा घेणार आहोत : फंक्शनच्या नावाच्या डावीकडे जो प्रकार लिहितात तो, आणि त्यातही ज्याच्या शेवटी स्टार किंवा अँपरसँड असतो तो. कोड तोंडीच सांगणार आहोत, त्यामुळे वही-पेन असेल तर जवळ ठेवा.

आधी पायाची गोष्ट. फंक्शन काम करतं आणि शेवटी आपल्या हातात काहीतरी ठेवतं. काय ठेवणार आहे, याचं वचन म्हणजे रिटर्न टाइप. समजा, वर्गातल्या मुलांच्या गुणांची एक यादी मेमरीत आहे आणि ‘गुण’ नावाचं फंक्शन आहे. त्याला हजेरीक्रमांक दिला की ते त्या मुलाबद्दल काहीतरी परत देतं.

रिटर्न टाइप नुसता ‘इंट’ असेल, तर आपल्याला आकडा मिळतो. चिठ्ठीवर उतरवून दिलेला. त्या चिठ्ठीवर आपण काहीही खाडाखोड केली तरी मूळ यादीला त्याचा पत्ता लागत नाही. टाइप ‘इंट*’ असेल, तर आकडा मिळत नाही, आकडा कुठे आहे ती जागा मिळते. शिवाय ‘कुठेच नाही’ असंही उत्तर मिळू शकतं, त्याला नल म्हणतात. आणि टाइप ‘इंट&’ असेल, तर यादीतला तो आकडाच दुसऱ्या नावाने आपल्या हाती येतो. म्हणून ‘गुण(५) = ७२’ असं लिहिता येतं. फंक्शनची हाक बरोबरच्या चिन्हाच्या डावीकडे बघून नवशिके दचकतात, पण ते वाक्य अगदी बरोबर आहे. यादीतल्या पाचव्या मुलाचे गुण त्याने खरोखर बदलतात. रेफरन्सला नल नसतो, आणि एकदा एका वस्तूला बांधला की तो दुसरीला बांधता येत नाही.

वाचायची एक खूण इथेच सांगून टाकतो. ‘इंट *फ()’ म्हणजे पॉइंटर परत करणारं फंक्शन. ‘इंट (*फ)()’ म्हणजे फंक्शनकडे बोट दाखवणारा पॉइंटर. एका कंसाने अर्थ पार बदलतो. सी भाषेत जाहीरनामा वापरासारखाच दिसावा, असं ठरलं होतं. ‘*फ()’ असं वापरलं तर इंट मिळतो, म्हणून जाहीरनामाही तसाच लिहायचा. कल्पना चांगली, पण वाचणाऱ्याच्या डोळ्यांना त्रासाची.

आता मुद्द्यावर येऊ. कुणी आपल्याला वस्तू न देता वस्तूची जागा सांगितली, तर व्यवहारात आपण तीन गोष्टी विचारतो. कुठे आहे? कुणाची आहे? आणि कुठवर तिथे राहणार आहे? चौथी गोष्ट कधीकधी विचारावी लागते : तिथे नसेलच तर काय? सी प्लस प्लसमधला स्टार आणि अँपरसँड पहिल्या प्रश्नाचं उत्तर देतात. चौथ्याचं अर्धवट देतात. दुसऱ्या आणि तिसऱ्यावर ते चक्क गप्प बसतात. आमचा आजचा आक्षेप एवढाच आहे, आणि तो आम्हाला फार मोठा वाटतो.

सर्वांत साधा घोटाळा बघा. फंक्शनच्या आत एक व्हेरिएबल आहे, बेरीज नावाचं. फंक्शन हिशेब करतं आणि ‘रिटर्न &बेरीज’ असं म्हणून त्याची जागा परत देतं. आतली ही व्हेरिएबल्स स्टॅकवर असतात. स्टॅकला आपण शाळेतला फळा समजू. गणिताचे सर तास घेतात, फळा भरतात, घंटा झाली की निघून जातात. फळा कुणी पुसतंच असं नाही. पुढच्या तासाच्या बाई येतात आणि त्यावरच आपलं लिहायला लागतात. आता गणिताच्या सरांनी जाताना सांगितलं, की उत्तर फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात आहे, तर ते खोटं बोलले का? त्या क्षणी नाही. मधल्या सुट्टीत जाऊन बघितलं तर उत्तर कदाचित तिथे सापडेलही. गोची तीच आहे. चुकीचा कोड पहिल्यांदा कधीकधी बरोबर उत्तर देतो. मध्ये एखादं दुसरं फंक्शन बोलावलं, किंवा कंपायलरची जलद कोडची सेटिंग चालू केली, की तोच कोड भलतंच बोलायला लागतो. भाषेचा नियम याला ‘अपरिभाषित वर्तन’ म्हणतो. म्हणजे काय होईल याची भाषेकडून कोणतीच हमी नाही.

असा थेट प्रकार असेल तर आजचे कंपायलर इशारा देतात. पण तीच जागा आधी दुसऱ्या पॉइंटरमध्ये ठेवून, दोन-तीन फंक्शनांतून फिरवून परत दिली की इशारा हमखास मिळेल असं नाही. कारण कंपायलर अंदाज बांधत असतो. वचनाच्या मजकुरात मुदत लिहिलेलीच नाही, तर तो वाचणार काय?

मग प्रश्न असा येतो, की जागा परत देण्याची सवय मुळात आली कुठून? त्याला इतिहास आहे. कर्निहन आणि रिची यांचं सी भाषेवरचं पुस्तक १९७८ मध्ये आलं. त्यात वर्णन केलेल्या सी भाषेत स्ट्रक्चर हे संपूर्ण एकक म्हणून फंक्शनला देताही येत नव्हतं आणि फंक्शनमधून परतही करता येत नव्हतं. ही मर्यादा पुढे उठेल असं त्याच पुस्तकात म्हटलं होतं, आणि ती उठलीही. पण तोवर लायब्ररीच्या हाताला वळण लागून गेलं होतं. एकापेक्षा जास्त गोष्टी एकत्र परत द्यायच्या, तर पॉइंटर द्यायचा.

त्या वळणाची एक खूण आजही प्रत्येक सी कंपायलरबरोबर येते. ‘लोकलटाइम’ नावाचं फंक्शन. सेकंदांत मोजलेली वेळ त्याला दिली, की ते वर्ष, महिना, दिवस, तास असं स्ट्रक्चर तयार करतं आणि त्याचा पॉइंटर देतं. स्ट्रक्चर कुठे असतं? लायब्ररीच्या पोटात, एकाच ठरलेल्या जागी. आता गाडी सुटायची वेळ आणि पोहोचायची वेळ अशा दोन वेळा घ्या. लोकलटाइमला एकदा हाक मारा, पॉइंटर ‘सुटली’मध्ये ठेवा. दुसऱ्यांदा हाक मारा, पॉइंटर ‘पोहोचली’मध्ये ठेवा. मग दोन्ही छापा. गाडी सुटली त्याच मिनिटाला पोहोचलेली दिसते! दोन्ही पॉइंटर एकाच जागेकडे बोट दाखवत असतात, आणि त्या जागी दुसऱ्या हाकेचं उत्तर बसलेलं असतं. कंपायलर एका शब्दाने तक्रार करत नाही, कारण टाइपच्या दृष्टीने सगळं चोख आहे. पुढे पॉझिक्समध्ये ‘लोकलटाइम_आर’ आलं. त्यात जागा बोलावणाऱ्याने द्यायची, फंक्शनने ती भरायची. म्हणजे ‘जागा कुणाची’ हा प्रश्न अखेर विचारला गेला, पण त्यासाठी नवीन फंक्शन लिहावं लागलं. जुन्याच्या रिटर्न टाइपमध्ये ते कुठे लिहिता येत नव्हतं.

मालकीचा प्रश्न आणखी एका जोडीत स्पष्ट दिसतो. ‘गेटएनव्ह’ हे फंक्शन पर्यावरणातल्या एखाद्या नावाची किंमत सांगतं, आणि ‘स्ट्रडप’ हे दिलेल्या मजकुराची नवी प्रत करून देतं. दोघांचा रिटर्न टाइप एकच, ‘चार*’. स्ट्रडपने दिलेली मेमरी आपण काम झाल्यावर ‘फ्री’ करायची असते, नाहीतर ती तशीच अडकून राहते. गेटएनव्हने दिलेल्या मेमरीला मात्र अजिबात हात लावायचा नाही. ती फ्री केली तर प्रोग्रामचा बोऱ्या वाजलाच म्हणून समजा. एक वस्तू बक्षीस, दुसरी बघायला दिलेली, आणि दोन्हींवरची चिठ्ठी मात्र शब्दशः सारखी. यात प्रोग्रामरचा निष्काळजीपणा आहे असं म्हणणं आम्हाला पटत नाही. फरक लिहायची सोयच जिथे नाही, तिथे तो लक्षात ठेवण्याची सक्ती माणसावर येते.

आता रेफरन्सकडे. ब्यार्ने स्ट्राउस्ट्रुप यांनी सी प्लस प्लसमध्ये रेफरन्स आणला तो मुख्यतः ऑपरेटर आपल्या पद्धतीने लिहिता यावेत म्हणून. दोन मॅट्रिक्सची बेरीज ‘अ + ब’ अशीच दिसावी, ‘&अ + &ब’ अशी विद्रूप नको, ही त्यामागची इच्छा. एक गमतीचा पुरावा भाषेत अजून शिल्लक आहे. क्लासच्या आतला ‘धिस’ हा पॉइंटर आहे, रेफरन्स नाही. कारण धिस आधी आला आणि रेफरन्स मागाहून. त्यामुळे आजही आपण ‘रिटर्न *धिस’ असं लिहितो आणि रिटर्न टाइपमध्ये अँपरसँड ठेवतो. भाषेच्या वयाच्या वळ्याच त्या ओळीत दिसतात.

जिथे शोभतो तिथे रेफरन्स फार सुंदर दिसतो, हे मान्य करायलाच हवं. व्हेक्टरचा चौकोनी कंस रेफरन्स देतो, म्हणून ‘यादी[३] = १०’ हे सरळ लिहिता येतं. ‘सीआउट’ला एकामागून एक गोष्टी देत जाता येतात, कारण प्रत्येक पायरी तोच प्रवाह रेफरन्सने पुढे देते. या ठिकाणी ‘कुठवर’ या प्रश्नाचं उत्तर संदर्भातून मिळतं : ज्याच्याकडून घेतलं, तो आहे तोवर.

पण संदर्भातून मिळणारं उत्तर नेहमीच खरं ठरत नाही. व्हेक्टरचंच घ्या. पहिल्या घटकाचा रेफरन्स घेऊन ठेवला आणि मग ‘पुश_बॅक’ने शेवटी एक घटक वाढवला. व्हेक्टरमध्ये जागा शिल्लक असेल तर काही बिघडत नाही. नसेल, तर व्हेक्टर मोठी जागा शोधतो, सगळं बिऱ्हाड तिकडे हलवतो आणि जुनी जागा सोडून देतो. आपला रेफरन्स मात्र जुन्या दारात उभा. व्हेक्टर जिवंत आहे, घटकही जिवंत आहे, पण पत्ता मेला. ही अट नियमपुस्तकात स्पष्ट दिली आहे. फंक्शनच्या तोंडावर, जिथे आपली नजर जाते तिथे, तिचा मागमूस नाही.

आमच्या मते या लायब्ररीतला सर्वांत विचार करायला लावणारा नमुना म्हणजे ‘मॅक्स’. दोन किमतींतली मोठी सांगायची, एवढंच काम. पण त्याचा रिटर्न टाइप ‘कॉन्स्ट टी&’ आहे. का? तर मोठमोठ्या वस्तूंची तुलना करताना प्रत काढायचा खर्च नको. हेतू रास्त. पण आता कुणी लिहिलं, ‘कॉन्स्ट ऑटो& म = मॅक्स(अ, ब + १)’. इथे ‘ब + १’ ही तात्पुरती किंमत. ती विधानाच्या अर्धविरामापाशी संपते. ती मोठी ठरली, तर म हा संपलेल्या वस्तूचा रेफरन्स. अ मोठा ठरला, तर सगळं ठीक. म्हणजे एकाच ओळीचं खरं-खोटं आकड्यांवर अवलंबून! काही जण म्हणतील, की तात्पुरती वस्तू कॉन्स्ट रेफरन्सला बांधली तर तिचं आयुष्य वाढतं, असा नियम आहे ना? आहे. पण तो थेट बांधली तरच. मध्ये फंक्शनचा उंबरा आला की नियम तिथेच थांबतो, कारण फंक्शनने परत दिलेला रेफरन्स कुठल्या वस्तूचा, हे बाहेरून दिसत नाही. पुन्हा तीच गोष्ट.

यात विनोद असा, की महिरपी कंसात यादी दिली तर २०११ पासूनचं मॅक्स किंमत परत देतं, रेफरन्स नाही. एकाच नावाची दोन फंक्शनं, एक धोक्याचं, एक निर्धोक, आणि बोलावणाऱ्याच्या ओळीत फरक फक्त कंसाचा. जीसीसी या कंपायलरच्या १३ व्या आवृत्तीत, २०२३ मध्ये, अशा लोंबत्या रेफरन्ससाठी खास इशारा आला. तो निर्दोष कोडवरही ओरडायला लागला, म्हणून पुढच्या आवृत्तीत त्याला नेहमीच्या इशाऱ्यांतून काढून जादा इशाऱ्यांत नेऊन बसवलं. कंपायलर लिहिणारी मंडळी हुशार आहेत. पण जी माहिती टाइपमध्ये नाही, ती हुशारीने किती भरून काढणार?

चौथ्या प्रश्नाबद्दल, म्हणजे ‘नसेल तर काय’, सर्वत्र एक सूत्र शिकवलं जातं : वस्तू नसण्याची शक्यता असेल तर पॉइंटर द्या, नक्की असेल तर रेफरन्स द्या. सूत्र चांगलं आहे. पण रेफरन्सचं हे ‘नक्की आहे’ म्हणणं कधीकधी महागात पडतं. ‘मॅप’चा चौकोनी कंस बघा. तो रेफरन्स देतो, म्हणून त्याला ‘नाही’ म्हणता येत नाही. मग आपण नसलेलं नाव विचारलं, तर तो ते नाव मॅपमध्ये घालतो, त्यासमोर रिकामी किंमत ठेवतो आणि तिचा रेफरन्स देतो. आपण फक्त चौकशी केली आणि रजिस्टरमध्ये नवी नोंद झाली. शब्द पाळण्यासाठी वस्तू जन्माला घालायची, असा हा हिशेब. ‘ॲट’ वापरलं तर नसलेल्या नावासाठी अपवाद फेकला जातो, ‘फाइंड’ वापरलं तर शेवटाची खूण मिळते. तीन फंक्शनं, ‘नाही’ म्हणायच्या तीन रीती. प्रत्येकीला तिचं कारण आहे, पण रिटर्न टाइप बघून पहिल्या दोघींतला फरक कळत नाही.

आणि पॉइंटरचं ‘नाही’, म्हणजे नल? टोनी होअर यांनी १९६५ मध्ये अल्गोल डब्ल्यू या भाषेत नल रेफरन्स आणला, आणि २००९ मध्ये त्यांनी स्वतःच त्याला आपली अब्ज डॉलरची चूक म्हटलं. आम्हाला वाटतं, ‘नाही’ म्हणता येणं ही चूक नव्हती. ‘नाही’ ऐकून घ्यायची सक्ती नसणं, ही चूक होती. नल मिळाला की नाही हे न तपासता पुढे जायला भाषा मोकळीक देते, तिथे घात होतो.

इथे कुणी म्हणेल, की अहो, एवढ्या बारीकसारीक गोष्टींनी काय बिघडतं? बिघडतं. २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टने सांगितलं, की त्यांच्या उत्पादनांत दरवर्षी नोंदल्या जाणाऱ्या सुरक्षाविषयक त्रुटींपैकी सुमारे ७० टक्के मेमरीच्या असुरक्षित हाताळणीच्या असतात. २०२० मध्ये क्रोमियम ब्राउझरच्या गटाने त्यांच्या गंभीर त्रुटींबद्दल तोच सुमारे ७० टक्क्यांचा आकडा दिला, आणि त्यातला निम्मा वाटा सोडून दिलेली मेमरी पुन्हा वापरण्याचा आहे असं म्हटलं. या सगळ्या त्रुटी रिटर्न टाइपमुळे झाल्या असं आम्ही म्हणत नाही. पण ‘कुठवर’ हा प्रश्न न लिहिण्याची किंमत काय पडते, याचा अंदाज यावरून येतो. हे ब्राउझर तुमच्या-आमच्या फोनवर आहेत. आपण बँकेचा पासवर्ड त्यांतच टाकतो.

आता बचाव पक्षाचं ऐकू. सी प्लस प्लसने गेल्या काही वर्षांत बरीच दुरुस्ती केली आहे. २०११ मध्ये ‘युनिक_पीटीआर’ आला. रिटर्न टाइपमध्ये तो दिसला, की वस्तूची मालकी आता आपली, हे कुणी सांगावं लागत नाही. गेटएनव्ह आणि स्ट्रडपचा घोळ अशा टाइपने मिटतो. २०१७ मध्ये ‘ऑप्शनल’ आलं. ते म्हणजे ‘किंमत असेल किंवा नसेल’ हे उघड सांगणारं वचन, पॉइंटरची लपवाछपवी न करता. आणि ज्या खर्चाच्या भीतीने रेफरन्स परत करायची सवय लागली, तो खर्चही पुष्कळसा गेला. परत द्यायची वस्तू बोलावणाऱ्याच्याच जागेत थेट तयार करायची युक्ती कंपायलर फार पूर्वीपासून वापरतात. २०११ च्या ‘मूव्ह’ने मोठ्या व्हेक्टरचा नुसता ताबा बदलायची सोय केली. २०१७ पासून काही बाबतींत प्रत न काढणं हा नियमच झाला. त्यामुळे आज दहा लाख आकड्यांचा व्हेक्टर फंक्शनमध्ये तयार करून सरळ किंमत म्हणून परत देणं ही उधळपट्टी राहिलेली नाही.

म्हणजे ‘कुणाची’ आणि ‘नसेल तर’ या दोन प्रश्नांना शब्द मिळाले. ‘कुठवर’ला मात्र अजून मिळालेला नाही. उलट त्याच २०१७ मध्ये ‘स्ट्रिंग_व्ह्यू’ आला, जो दुसऱ्याच्या मजकुराकडे नुसतं बघतो. तो रिटर्न टाइपमध्ये असला की जुनी चिंता नवीन कपड्यांत परत येते.

हा प्रश्न टाइपमध्ये लिहिता येतो का? येतो, आणि तसं करणारी भाषा आहे. रस्टची पहिली स्थिर आवृत्ती मे २०१५ मध्ये आली. तिच्यात दोन रेफरन्स घेऊन त्यातला एक परत देणारं फंक्शन लिहायला गेलात, तर कंपायलर तिथेच अडवतो. परत येणारा रेफरन्स कुणाच्या आयुष्याला बांधलेला आहे ते आधी लिहा, म्हणतो. एक छोटी खूण लिहावी लागते : निकाल दोन्ही मूळ वस्तू आहेत तोवरच वैध. मग मघाची तात्पुरत्या किमतीची चूक प्रोग्राम चालायच्या आधीच पकडली जाते. रस्टचं स्वतःचं मॅक्स तर किंमत घेतं आणि किंमत देतं. तुम्ही रेफरन्स दिलेत तर त्यांची मुदतही त्यांच्याबरोबर चालत येते. गो भाषेने २००९ मध्ये वेगळाच रस्ता धरला. तिथे आतल्या व्हेरिएबलची जागा परत देणं पूर्ण कायदेशीर आहे. ती जागा बाहेर जाते आहे हे कंपायलर ओळखतो आणि व्हेरिएबलला स्टॅकऐवजी हीपवर ठेवतो. पुढे कुणाला गरज उरली नाही की साफसफाईची यंत्रणा ते आवरते. म्हणजे फळा पुसायची वेळ मुलांचं लिहून झाल्यावरच येते. त्याची किंमत म्हणजे प्रोग्राम चालू असताना मागे सतत राबणारा एक झाडूवाला. रस्टची किंमत म्हणजे लिहिणाऱ्याचे सुरुवातीचे कष्ट, आणि ते कमी नाहीत. फुकट कुणीच काही देत नाही. सी प्लस प्लसमध्ये ही किंमत वाचणाऱ्याच्या स्मरणशक्तीने मोजायची असते, एवढाच फरक. वीस ओळींच्या प्रोग्रामात ते जमतं. वीस लाख ओळींच्या, पन्नास हातांनी लिहिलेल्या प्रोग्रामात कुणालाच जमत नाही.

शेवटचा मुद्दा शिकवण्याचा, आणि तो आपल्या घरचा आहे. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीचा टर्बो सी प्लस प्लस आपल्याकडच्या कॉलेजांच्या प्रयोगशाळांत कितीतरी वर्षं मुक्काम ठोकून होता. तो भाषेच्या १९९८ च्या पहिल्या प्रमाणाच्याही आधीचा, त्यामुळे वर सांगितलेली दुरुस्ती त्याच्या गावीच नाही. पण त्याहून वाईट म्हणजे तो क्षमाशील होता. डॉसमध्ये मेमरीला कुंपण नसायचं. नलच्या जागी लिहिलं तरी प्रोग्राम पुढे चालायचा, उत्तर छापायचा आणि अगदी शेवटी एक ओळ दाखवायचा : ‘नल पॉइंटर असाइनमेंट’. ज्यांनी त्या निळ्या पडद्यावर प्रॅक्टिकल केली असतील त्यांना ती ओळ आठवत असेल. उत्तर बरोबर आलं, जर्नलवर सही झाली, विषय संपला. अशा सवयीतून एक भाबडी रीत रुजते. कंपायलर तक्रार करतोय ना, मग एक स्टार लाव. अजून करतोय? अँपरसँड लाव. गप्प बसला की झालं!

परीक्षेचा ठरलेला प्रश्नही त्याच जातीचा : पॉइंटर आणि रेफरन्स यांतला फरक पाच मुद्द्यांत लिहा. पाच मुद्दे येतात. नल चालतो, नल चालत नाही. बदलता येतो, बदलता येत नाही. वगैरे. सगळे बरोबर. पण ‘परत दिलेल्या जागेची मुदत कोण ठरवतं’, हा सहावा मुद्दा क्वचितच ऐकू येतो. आणि ‘रेफरन्स म्हणजे टोपणनाव’ हा दृष्टांत तर आम्हाला अपुरा वाटतो. माणूस गेल्यावरही टोपणनाव मागे उरतं, लोक ते घेतात, त्यात काही धोका नसतो. इथे नाव उरलं आणि वस्तू गेली, तर तोच अपघात असतो. दृष्टांत ज्या जागी उपयोगी पडायला हवा, नेमका त्याच जागी चुकीची शिकवण देतो.

मग शिकवायचं कसं? आमची सूचना साधी आहे. विद्यार्थ्याने फंक्शनचा रिटर्न टाइप लिहिण्याआधी वहीत तीन प्रश्नांची उत्तरं मराठीत लिहावीत. परत देतोय ती गोष्ट कुणाची? ती कुठवर टिकणार? आणि नसेल तर मी काय सांगणार? ‘बोलावणाऱ्याची, तो आहे तोवर, असणारच’, असं उत्तर आलं तर रेफरन्स द्यायला हरकत नाही. ‘माझी, फंक्शन संपेपर्यंत’, असं आलं तर निमूटपणे किंमत द्यावी, दुसरा पर्याय नाही. ‘आता त्याची’, असं आलं तर युनिक_पीटीआर. ‘असेल किंवा नसेल’, तर किमतीसाठी ऑप्शनल, आणि दुसऱ्याच्या वस्तूकडे नुसतं बोट दाखवायचं असेल तर साधा पॉइंटर. साध्या पॉइंटरला एवढं एकच काम उरावं. आणि दुसऱ्याचं फंक्शन वाचताना हेच तीन प्रश्न उलटे विचारावेत. टाइपमध्ये उत्तर सापडलं नाही, तर ते दस्तऐवजात शोधावं. तिथेही नसेल, तर मिळालेल्या जागेवर भरवसा न ठेवता लगेच आपली प्रत काढून घ्यावी.

भाषा बदलायला वर्षं लागतात, आणि जुन्या भाषेत लिहिलेला कोड तर त्याहून चिवट असतो. आपल्या बँका, रेल्वे, रुग्णालयं ज्यावर चालतात त्या कोडमधले स्टार आणि अँपरसँड उद्या नाहीसे होणार नाहीत. ते वाचायला कुणीतरी लागणारच आहे, आणि आज इथे बसलेल्या मुलामुलींतलेच काही जण ते काम करणार आहेत. तुम्हाला पत्ता मिळेल. त्या पत्त्यावर कोण, कुठवर राहतं, हे विचारायचं मात्र तुम्हालाच लक्षात ठेवावं लागेल.